मामांचं शब्दकोडं

लग्न होऊन वसमतहून कुरुंद्याला आले, तेव्हा मला सासरच्या कामाची धास्ती नव्हती. धास्ती होती गप्प बसण्याची. माहेरी वडील आणि मी पेपरातलं शब्दकोडं रोज भांडून भांडून सोडवायचो, आणि इथे सासऱ्याशी बोलायचीच चाल नव्हती. घरात येताना ते खाकरायचे, मी डोक्यावरचा पदर सारखा करायची, संपला संवाद. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत. नवरा दिवसभर शेतात. मी आपली मूग गिळून बसलेली, आणि माझ्यासारखीला ते कसं जमावं?

पेपर सकाळच्या एसटीनं यायचा. सासरे, म्हणजे आमचे मामा, ओसरीवर बसून आधी कोडं भरायचे, मग पेपर आत यायचा. बघावं तर एक घर रिकामं नाही. मला वाटलं, वा, काय हुशार माणूस आहे. मग वाचलं. 'कमळ, तीन अक्षरी' याला मामांचं उत्तर होतं 'कमळ'. 'पिवळा मौल्यवान धातू' इथे ठसठशीत अक्षरात 'हळद'. आमच्या भागात हळदीला सोनं म्हणतात हे कबूल, पण म्हणून धातू?

दुपारपर्यंत कळ काढली. मग पेन्सिल घेतली, 'कमळ' खोडून 'पंकज' केलं, 'हळद' खोडून 'कांचन' केलं आणि पेपर ओसरीवर नेऊन ठेवला.

संध्याकाळी ओसरीवरून सासूबाईंना हाक आली. "तिला म्हण, कमळाला कमळ न्हाई तर काय कांदा लिहावं?"

सासूबाई आत आल्या. "कांदा लिहू का म्हणून राहिले."

"त्यांना म्हणावं, विचारलेलाच शब्द उत्तरात देत नसतात."

त्या बाहेर गेल्या, परत आल्या. "अन् हळद काहून खोडली म्हणे?"

"म्हणावं, हळद शिजवतात. धातू शिजवतो का कुणी?"

बाहेरून मामांचं हसू ऐकू आलं. सासूबाई मात्र वैतागल्या. "मला काय पोस्टमन करून ठेवलं का तुमी दोघांनी? सरळ बोला की एकमेकांशी."

दोघंही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कोड्यात चार-दोन घरं कोरी राहायला लागली. ती माझी, हे मला न सांगता कळलं. मी खूश होते, आणि तरी समाधान नव्हतं. लेकीशी भांडतात तसं मामांनी माझ्याशी एकदा सरळ भांडावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी जीव नुसता आसुसला होता.

मग सासूबाई हट्टा गावाला बहिणीकडे गेल्या. आता निरोप कोण पोचवणार?

पेपर आला. मी स्वयंपाकघर झाडत होते. ओसरीवर मामा खाकरले. पुन्हा खाकरले. मग म्हणाले, "घरात कोणी हाय का?" माझ्याशिवाय घरात मांजरसुद्धा नव्हतं, आणि ते त्यांना बराबर ठाऊक होतं. मी झाडणं थांबवून तशीच उभी राहिले.

"पोरी," मामा म्हणाले, "घर झाडायचं साधन, चार अक्षरी, काय गं? फडा भरून पाहिला, दोन घरं उरून राहिली."

पोरी म्हणाले. मला एकदम भरून आलं. उत्तर तर माझ्या हातातच होतं. पण सांगितलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

"आठवेना बघा, मामा," मी म्हणाले. "पहिलं अक्षर काय आलंय?"

ते पेपर घेऊन उठले, चष्मा पुसत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले. मी केरसुणी दाराआड सरकवली.