जिजींनी नोतरलेली उकरडी

वैशाख शुद्ध दशमी. गोठा झाडून झाला आहे, शेणाच्या पाट्या भरून दाराशी ठेवल्या आहेत आणि माळावरच्या खड्ड्याकडे जाणारी गाडी आजही आलेली नाही. गाडी मगनभाईंची. ती सध्या शहाद्याहून पांढऱ्या खताची पोती आणते आहे. तिची वाट पाहत बसण्यापेक्षा जिजींबद्दल लिहायचं राहिलं आहे, ते लिहून टाकते.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ, रेवाबाई. होळी झाल्यावर मी तळोद्याला माहेरी गेले होते. परसात मिरच्या वाळत घालत होते, तेवढ्यात आमचा सालदार दारात येऊन उभा राहिला. त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "धाकल्या बाई, जिजी गयी." ताप आला होता म्हणे, अंथरुणाला फार खिळल्या नाहीत. मी मिरच्या गोळा केल्या आणि त्यानं आणलेल्या गाडीत बसले. वाटेत रडण्यापेक्षा मला एकच विचार जास्त होता... आता मगनभाईंना कोण बोलणार?

हे समजायला आमची रीत सांगायला हवी. मगनभाई आमच्या भाऊबंदांतले. जिजींचे ते धाकटे दीर; माझ्या नवऱ्याहून थोरले, म्हणून माझे जेठ. जिजी त्यांना चारचौघांत फैलावर घेत. मी मात्र ते दिसले की पदर पुढे ओढून भिंतीकडे सरकायचं. गल्लीतल्या बहुतेक सुनांची हीच गत. म्हणून आम्हा सगळ्यांचं जे काही म्हणणं असे, ते जिजींच्या तोंडून निघे.

मी लग्न होऊन या तापीकाठच्या गावात आले, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांचे उकरडे पिण्याच्या विहिरीभोवती होते. ज्याचं दार विहिरीजवळ, त्याचा उकरडा विहिरीजवळ. आणि उकरडा जेवढा उंच, तेवढं घर मोठं. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी उकरडा पाहत, मग मुलगा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी पिवळसर होई, त्याला वास येई, आणि पोरं हगवणीनं पडत. आम्ही पाणी फडक्यानं गाळून घ्यायचो आणि देवीला नारळ बोलायचो. एका श्रावणात जिजींची मधली मुलगी त्यातच गेली. तिचे दिवस झाले आणि जिजी भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. उकरड्यातून निघालेलं काळं पाणी विहिरीच्या कडेला मुरत होतं. ते रोज सगळ्यांनाच दिसे. जिजी पाऊस थांबेपर्यंत ते पाहत राहिल्या, एवढाच फरक.

घरी येऊन त्यांनी ओट्यावर बसलेल्या पुरुषांना सांगितलं, उकरडे गावाबाहेर हलवा. मगनभाई हसले. "उकरडा शे तो वहिनी, म्हस नही, दावं सोडीसन दुसरीकडे बांधाले! आनि गावबाहेर ठेवा तं पाव्हनासले दिखी कसा?"

"पाव्हनासले पह्यले पानी देतस का उकरडा दखाडतस?" जिजी म्हणाल्या.

हसणं थांबलं, पण उकरडा हलला नाही. खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरांत लग्नाआधी उकरडी नोतरतात, म्हणजे उकरड्याला दिवा लावून, गाणी म्हणून तिला लग्नाचं आमंत्रण देतात. पिढ्यान् पिढ्या जिथं दिवा लागला ती जागा सोडायची म्हणजे घरातून लक्ष्मी काढायची, असं म्हाताऱ्या बायकाच म्हणत. जिजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. थोरल्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी जुन्या उकरड्यातलं शेण एका पाटीत भरलं, वर दिवा ठेवला आणि बायकांना म्हणाल्या, "आमंत्रन देनं शे ना? मंग तिले संगे लई जाऊत." गाणं म्हणत सगळ्या गावाबाहेर नाल्याकाठी गेल्या. तिथं खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. लक्ष्मी स्वतः चालत गेली, मग मागे ढीग ठेवायला कारण उरलं नाही. पुढच्या लग्नसराईत बाकीचे उकरडेही तसेच गेले.

इथं जिजी चुकल्या. नाल्याच्या खालच्या अंगाला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती आहे. तिथल्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरतात. आमच्यापैकी कुणाच्याच ते डोक्यात आलं नाही. पावसाळा संपता संपता जमनी नावाची भिलाटीतली बाई अंगणात येऊन उभी राहिली. ती आमच्याकडे निंदणीला येई.

"जिजी, तुम्हनी उकरडी आम्हना झिरामा उतरनी."

"म्हंजे?"

"चाल ना. पी दखाड."

जिजी गेल्या. प्यायल्या की नाही ते मला माहीत नाही. परत आल्या आणि म्हणाल्या, "धाकली, परत नोतरनी पडी." बायका वैतागल्या. एकदा बसवलेली उकरडी पुन्हा उठवतात का, म्हणून धुसफुस झाली. जिजी म्हणाल्या, "पोर सासरले जास, परत माहेरले येस. तिन्हं काय बिघडस?" या खेपेला त्या जमनीला बरोबर घेऊन जागा शोधत फिरल्या. विहिरीपासून लांब, नाल्यापासूनही लांब, असा उंच माळ निघाला. तिथं खड्डा झाला, वर मातीचा थर आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर. खत उन्हात वाळेना, पावसात वाहून जाईना. पुढच्या सालची ज्वारी पाहून पुरुष स्वतःच तिकडे गाड्या नेऊ लागले. मगनभाईंची गाडी त्यात सर्वांत पुढे. विहिरीचं पाणी निवळलं. पोरं अजूनही आजारी पडतात, पण पूर्वीसारखी रांगेनं नाही.

आमची शेवटची भेट माघात, मगनभाईंच्या उसाच्या बांधावर. पांढरं खत नुकतंच आलं होतं. जिजींनी मूठभर हातावर घेतलं. "साखर दिखस," म्हणाल्या. मग मगनभाईंना विचारलं, "ऊसले हाई द्या, बरं शे. पन गोठामधलं शेण कोठे जाई?"

"दखूत, वहिनी," मगनभाई म्हणाले.

त्याचं उत्तर आता दिसतं आहे. खत पोत्यातून येतं, मग माळापर्यंत शेण कोण वाहील? मगनभाईंनी आपलं शेण पुन्हा विहिरीजवळ टाकायला सुरुवात केली आहे. ढीग गुडघ्याएवढा झाला आहे. त्यांचं पाहून आणखी दोन घरांनीही. पावसाळा तोंडावर आहे.

हे लिहीत असतानाच मगनभाईंची बायको धनुबाई आली. त्यांच्या मुलाचं लग्न आहे.

"धाकली, उद्या उकरडी नोतरनी शे. जिजी नही, आते तूच पुढे हो. तुन्हा जेठ म्हनतस, इहिरजोडेच नोतरा."

विहिरीजवळ एकदा दिवा लागला की ढीग कायमचा झाला, हे तिलाही कळत होतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"तू सांग ना त्यासले," मी म्हटलं.

"मी सांगी सांगी थकनू. तू सांग."

"मी कशी सांगू? मन्हा जेठ शेतस!"

दोघींना हसू आलं. मग मी म्हटलं, "मंग कोनीच सांगानं नही. उद्या पाटी लई ये. गल्लीमा सगळीसले सांग, पाटी आना."

धनुबाई गेल्यावर मी जिजींच्या खोलीत गेले. खुंटीवर त्यांची चुंबळ आहे, जुन्या लुगड्याच्या काठाची, मध्ये डोक्याच्या आकाराची दबलेली. खाली त्यांची पाटी. कुणी हलवलेली नाही. मी ती उन्हात ठेवली.

वरचं काल लिहिलं. आज सकाळी ती चुंबळ डोक्यावर ठेवली. विहिरीजवळच्या ढिगातलं शेण पाटीत भरलं, वर दिवा ठेवला. धनुबाई मागे, तिच्या मागे गल्लीतल्या बायका, प्रत्येकीची पाटी भरलेली. मगनभाई ओट्यावर दातवण करत होते. मी पदर पुढे ओढला, गाण्याची पहिली ओळ धरली आणि त्यांच्यासमोरून माळाकडे निघाले. नोतरलेली उकरडी कुणी अडवत नाही. त्यांनीही पाय ओट्यावर ओढून घेतले.

गाणं पहिल्या खेपेला संपलं. ढीग संपला नव्हता. दुसऱ्या खेपेला आम्ही गाण्याशिवाय गेलो.