मॅडमवर पाय: वर्सोव्याच्या चिखलातला एक रविवार

माझी तक्रार चंद्राविरुद्ध आहे. ती कुठल्या खिडकीवर द्यायची हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. माझा रविवार गेली कित्येक वर्षं साडेआठला उजाडतो. उजाडल्यावर कांदेपोहे येतात, पोह्यांनंतर मी पुन्हा आडवा होतो. या व्यवस्थेचा आजवर कोणाला त्रास झालेला नाही. तरीही गणपती जाऊन दोन दिवस होतात न होतात तोच, एका रविवारी वर्सोव्याच्या खाडीची ओहोटी सकाळी सव्वासातला ठेवण्यात आली. ठेवण्यापूर्वी माझं मत विचारलं नाही. हरकतीसाठी मुदत दिली नाही. आणि मी, बावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा करदाता, साडेपाचला घाटकोपरच्या स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होतो.

हे सगळं माझ्या मेहुणीमुळे. सविता, माझ्या बायकोची धाकटी बहीण, खाडीतली झाडं राखणाऱ्या एका छोट्या संस्थेत सात वर्षं काम करते. संस्थेचं नाव लिहू नका असं तिने बजावलंय, तेव्हा आपण नुसतं 'संस्था' म्हणू. ती तिथे नेमकं काय करते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. लग्नकार्यात कोणी विचारलं की माझी बायको नीता सांगायची, "झाडं लावते." गौरीच्या जेवणाला मी तेच म्हणालो आणि सविताने हातातली पुरणपोळी खाली ठेवली.

"भावोजी, मी झाडं लावत नाही. लोक लावतात. मी ती दुसऱ्या दिवशी परत लावते."

"म्हणजे?"

"म्हणजे या एका रविवारी. तसंही तुम्ही लोळत पडता आणि मग ब्लॉगवर 'मुंबईत बघण्यासारखं काही उरलं नाही' म्हणून रडता."

नीता म्हणाली, "घेऊन जा गं. चिखलात सोडून आलीस तरी चालेल."

असं माझं प्रवासाला निघणं ठरलं.

शनिवार संध्याकाळ, घाटकोपर

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी सुरुवात संस्थेच्या ऑफिसातून करावी, कारण गमबूट तिथे मिळतात. ऑफिस म्हणजे एका जुन्या सोसायटीतला तळमजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट. हॉलमध्ये टेबलं, बेडरूममध्ये बांबूच्या काठ्या, आणि बाथरूममध्ये साठ जोड गमबूट. त्या सकाळी एका बड्या कंपनीचे साठ कर्मचारी खाडीवर झाडं लावून गेले होते आणि त्यांचा चिखल आता घाटकोपरच्या गटारात चालला होता. मीनल नावाची मुलगी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून गमबुटाच्या तळव्याला टूथब्रश मारत होती.

"तुम्ही इथे काय करता?" मी पाहुण्यासारखं विचारलं.

"मी नकाशे करते. उपग्रहाच्या फोटोंवरून कांदळवन किती वाढलं, किती घटलं, ते मोजते." तिने बूट उलटा केला. आतून एक जिवंत खेकडा पडला. "हे इतर वेळी."

खेकडा कोणाच्या नावावर करायचा यावर तिची आणि सविताची थोडी चर्चा झाली. शेवटी तो बादलीत गेला, रविवारी आमच्याबरोबर घरी परतण्यासाठी. मला नऊ नंबरचे बूट हवे होते. नऊ नंबर साहेबलोकांत फार चालतो, तो कधी कोरडा नसतो. मला उजवा नऊ आणि डावा दहा मिळाला. वाचकांसाठी सूचना: दोन जोड मोजे न्या. तिसरा न्या म्हणा हवं तर.

रविवार, घाटकोपर ते खाडी

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो, चाळीस रुपये, बसायला जागा. सकाळी सव्वासहाच्या मेट्रोत हातात गमबूट आणि मांडीवर खेकड्याची बादली घेऊन बसलेल्या माणसाशेजारी कोणी बसत नाही (सविताही समोरच्या बाकावर बसली), हा या प्रवासाचा पहिला फायदा. वर्सोवा स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा. रिक्षावाल्याने बादलीत डोकावून विचारलं, "किती दिले?" मी म्हणालो, "सोडायला चाललोय." त्याने उरलेला रस्ता माझ्याशी बोलणं टाळलं.

जेट्टीवर वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसतो आणि दोन मिनिटांनी घरचा वाटू लागतो. फेरीबोट पलीकडे मढला नेते. तिकिटाला सुट्टे ठेवा. बोट सुटण्यापेक्षा सुट्ट्यांची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. पलीकडे उतरून पंधरा मिनिटं चाललं की डाव्या हाताला संस्थेची रोपवाटिका: चार बांबू, वर हिरवी जाळी, खाली ओळीने पिशव्या.

तिथे बाबीकाका भेटले. आडनाव परब, वय साठीच्या पुढे, गाव मालवणकडचं. वडील गिरणीत होते. ते स्वतः तीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात. तो बंद झाल्यावर रोपवाटिकेची राखण करायला आले आणि राहिले. त्यांनी माझे बूट बघितले, मग माझं पोट बघितलं.

"हे रुततले," ते सविताला म्हणाले. जणू मी पलीकडच्या किनाऱ्यावर होतो.

"रुतू देत. फक्त मधल्या पट्ट्यात नको."

चिखलातले दोन तास

आता दुसऱ्या दिवशीचं काम काय असतं ते सांगतो, कारण ते कुठल्याही बॅनरवर लिहिलेलं नसतं.

कांदळाची शेंग शेवग्याच्या शेंगेसारखी लांब असते. तिचं एक टोक जाड आणि अणकुचीदार, ते चिखलात खुपसायचं. दुसऱ्या टोकाला बारीक कोंब, तो आकाशाकडे. शनिवारी हे साठ जणांना माइकवरून तीनदा सांगितलं होतं. रविवारी समोर जे दृश्य होतं ते असं: निम्म्या शेंगा कोंब खाली, बूड वर, जणू सामुदायिक शीर्षासन. काही रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरलेली. एकाने बांबूची काठी लावली होती आणि शेंग सोबत घरी नेली होती. प्रत्येक काठीला मात्र लावणाऱ्याच्या नावाचा पत्रा व्यवस्थित बांधलेला.

"हे बघा, 'रोहन, मार्केटिंग'," सविता एक शेंग उपटून सरळ करत म्हणाली. "मार्केटिंगवाले उलटीच लावतात. अकाउंट्सची बघा कशी ओळीत आहेत. पण पिशवीसकट."

"त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर पुढच्या वर्षी येतील का? त्यांच्या पैशावर ही रोपवाटिका चालते, भावोजी. बाबीकाकांचा पगार, माझा पगार. त्यांना झाड लावल्याचं समाधान, आम्हाला लागलेलं झाड. वाका आता."

मी वाकलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

तासाभरात माझ्या हातून अकरा शेंगा सरळ झाल्या. सविताच्या हातून किती ते मी मोजलं नाही, स्वतःच्या मनःशांतीसाठी. पाणी साडेनऊला परत इथवर चढतं, त्याआधी सगळं आवरायचं. बाबीकाका गुडघाभर चिखलात फरशीवर चालावं तसे फिरत होते.

मधल्या पट्ट्यात काय आहे हे मला सविताने येतानाच सांगितलं होतं. कंपनीच्या सर्वांत मोठ्या मॅडमनी शनिवारी तिथे एक रोप लावलं होतं, नुसती शेंग नाही, चार पानांचं चांगलं वीतभर रोप. आपल्या आईच्या नावाने. आणि सोमवारी सकाळच्या ओहोटीला त्या आईला घेऊन ते दाखवायला येणार होत्या. त्याच भेटीत पुढच्या वर्षीची मंजुरी ठरायची होती. नाही मिळाली, तर जाळी उतरायची आणि बाबीकाकांनी गावी जायचं. इतकं साधं होतं.

माझा डावा पाय, म्हणजे दहा नंबरचा, बाहेर येईना. मी ओढला. पाय आला, बूट राहिला. तोल सावरायला मी मागे एक पाऊल टाकलं, मग आणखी एक, मग भक्कम जमीन लागल्यासारखं वाटलं म्हणून तिथे दोन्ही पाय रोवून उभा राहिलो आणि विजयी मुद्रेने हात वर केले.

"ओ पावणे!" बाबीकाका ओरडले. मी त्यांना पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकलं. "हलू नका! तुमी मॅडमवर उभे आसात!"

मी खाली बघितलं. माझ्या मोज्याखालून मॅडमच्या मातोश्रींचं एक पान बाहेर आलं होतं.

सविता आली. तिने मला बाजूला केलं, म्हणजे ढकललं. रोप मधोमध मोडलं होतं. तिने ते सरळ धरून बघितलं, सोडलं, ते पुन्हा वाकलं. मी म्हणालो, "काठीला बांधून...?" तिने माझ्याकडे जे बघितलं त्यापुढे पाणी लवकर चढलं असतं तरी चाललं असतं.

"रोपवाटिकेत दुसरं?" मी विचारलं.

"एवढं मोठं काल एकच होतं. बाकी सगळी दोन-दोन पानांची आहेत. आई मोजतील का? मोजतीलच. आया मोजतात." तिचा आवाज बारीक झाला होता.

बाबीकाका रोपवाटिकेकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रंगाचा एक जुना डबा होता आणि डब्यात कांदळाचं रोप. सहा पानं, तुकतुकीत, प्रत्येक पान कपड्याने पुसल्यासारखं.

"काका, नको," सविता म्हणाली. मग मला हळूच सांगितलं, "त्यांच्या झोपडीच्या दाराशी ठेवलेलं असतं. पहिल्या दिवशी कामाला आले तेव्हा भरतीच्या रेघेवर सापडलेली शेंग. कोणाला हात लावू देत नाहीत."

"झाड लावूकच वाढवतत," बाबीकाका म्हणाले. "डब्यात किती दिस ठेवतलंय?"

त्यांनी गुडघे टेकून ते लावलं. मातीचा गोळा न फुटता बाहेर आला. बोटांनी चिखल दाबला, पत्रा पुसून काठीला परत बांधला. मग रिकामा डबा खाडीच्या पाण्यात धुतला. गरज नव्हती, तरी दोनदा धुतला.

मी खेकडा सोडला. तो तिरका, मागे न बघता निघून गेला. मला त्याचा हेवा वाटला.

नंतर बाबीकाकांच्या जेवणाच्या डब्यातल्या आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही तिघांनी खाल्ली. वाढताना त्यांनी मला एक आंबोळी जास्त दिली. मी तीही संपवली. आंबोळी उत्तम होती.

सोमवार, फोनवर

सविताचा फोन दहाला आला. मी ऑफिसात टेबलाखाली पाय चोळत होतो.

"काय झालं?"

"ऐका. मॅडम आल्या. आई आल्या, ऐंशीच्या आहेत, लुगड्याचा काचा मारून चिखलात उतरल्या. मॅडमना पाय टाकवेना. मॅडम म्हणाल्या, आई, हे बघ तुझं झाड. आणि मग स्वतःच म्हणाल्या, अरे, परवा चार पानं होती ना?"

"मग?"

"मी म्हटलं, खाडीचं पाणी मानवलं."

"सविता!"

"मग काय म्हणू? माझे भावोजी नाचले त्यावर? पुढे ऐका. आईंनी पानाला हात लावला. त्यांचं माहेर मालवणचं. मॅडम फोटो काढायला मागे गेल्या तेव्हा त्या बाबीकाकांना हळूच म्हणाल्या, 'ह्या झाड तुमचा?' काका म्हणाले, 'आता तुमचा.' आई म्हणाल्या, 'बरा.' बस्स, एवढंच."

"आणि मंजुरी?"

"मिळाली! दोन दिवसांत दोन पानं फुटली म्हणून मॅडम इतक्या खूश, की पुढच्या वर्षी डबल. एकशेवीस लोक आणणार आहेत. एकशेवीस, भावोजी. मार्केटिंगसकट. वाट लागली."

मागून मीनलचा आवाज आला, "गमबूट किती लागतील?"

घरी

या सहलीचा एकूण खर्च एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी येतो. दोन दिवस कंबर धरते. नखातला चिखल आठवडाभर जात नाही. हे सगळं छापायचं का, असं मी सविताला विचारलं. ती म्हणाली, छापा, मॅडम मराठी ब्लॉग वाचत नाहीत. आई वाचतात का, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. वाचत असतील तर त्यांना नमस्कार, त्यांना सगळं आधीच कळलंय.

एरवी प्रवासाहून आलो की मी फोटो लावतो. या वेळी एकही लावण्यासारखा नाही: सगळ्या फोटोंत लोक पाठमोरे आणि वाकलेले. कुठल्याच काठीवर या लोकांच्या नावाचा पत्रा नाही. आता कुठे समारंभात फावड्याला हात लावून कॅमेऱ्याकडे हसणारा माणूस दिसला, की मला त्याच्या मागे दुसऱ्या दिवशीची सविता दिसते आणि हसू येतं. मग ते हसू फार टिकत नाही.

पंधरा दिवसांनी ओहोटी पुन्हा सकाळचीच होती. मी नीताला फिरायला जातो सांगून निघालो आणि सविताला काहीच सांगितलं नाही. पलीकडे उतरून भरतीच्या रेघेने चालत गेलो. चपला, बाटल्या, एक गणपतीचा मुकुट, आणि त्यात अडकलेल्या कांदळाच्या तीन शेंगा. दोन किडलेल्या होत्या. तिसरी हिरवी, टणक.

बाबीकाका जाळीखाली पाठ करून पिशव्यांत माती भरत होते. डबा त्यांच्या दाराशी होता, तसाच रिकामा, पण पालथा न घातलेला. मी त्यात खाडीतला चिखल भरला. शेंग हातात घेऊन नीट बघितली, मग आणखी एकदा बघितली. जाड टोक खाली. कोंब वर. बोटांनी चिखल दाबला, हात पँटला पुसले आणि परतीची बोट पकडली.