लोणच्याची गोष्ट आणि एकेचाळीस नावं

माझे बाबा शामकांत बत्तीस वर्षं बोटींवर इंजिनिअर होते. शेवटची काही वर्षं सिंगापूरच्या एका कंपनीत काढली आणि आई गेल्यावर ते सिंगापूरलाच, चोआ चू कांगला आमच्याकडे राहायला आले. इंजिनरूमनं त्यांचा डावा कान पुरता खाल्ला होता, उजवा जेमतेम होता. हजारो डॉलरचं हिअरिंग एड ड्रॉवरमध्ये पडून होतं. टीव्ही ऐकायचा तर ते एक लांब स्क्रूड्रायव्हर घेत, टोक स्पीकरला टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला. बोटीवर बेअरिंगचा आवाज असाच तपासतात म्हणे. घरी पाहुणे असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे सवय झाली.

त्यांची एक गोष्ट आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांत पाठ होती. दर गणपतीत कोणीतरी ती सांगायला लावायचंच. त्र्याऐंशी साल, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक बंदर. बोट सुटण्याआधी कोणी चोरून चढलंय का याची झडती घ्यायची, तशी बाबा इंजिनरूमच्या मागे, जिथून बोटीच्या पंख्याचा दांडा जातो त्या बोगद्यात घेत होते. तिथे एक पोरगेलासा माणूस सापडला. दोन दिवसांचा उपाशी. बाबांनी त्याला वर नेऊन भात-आमटी दिली आणि आईच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं. त्यानं अख्खी फोड एकदम तोंडात टाकली. पुढे बाबा त्याचा चेहरा करून दाखवत. डोळे बारीक, ओठ आत, मान तिरकी. लोक हसून लोटपोट होत. मग बाबा म्हणत, “आणि पोर्ट पोलीस आले, घेऊन गेले.” तिथे गोष्ट संपायची. मी ती शंभर वेळा तरी ऐकली असेन आणि पोलिसांच्या पुढे काय झालं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

दोन हजार चौदाच्या जूनमध्ये माझ्या मुलीनं, अनघानं, एक अल्बम घरात आणला. ती शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते, सरांनी ऐकायला सांगितला होता. तांबाकोलो नावाचा म्हातारा आफ्रिकन जॅझ ट्रंपेटवाला, अल्बमचं नाव ‘बर्थ फोर’, म्हणजे गोदीतला चार नंबरचा धक्का. सगळी नाचायची गाणी. शब्द बघितले तर संप, गोळीबार, मंत्र्यांचे बंगले. पण पाय हलल्याशिवाय राहत नाहीत. अनघा आठवडाभर तेच लावत होती.

एका रविवारी दुपारी तिनं टॅब आजोबांपुढे धरला. “आजोबा, धिस वन रिअली शिओक, लाह. ट्राय.” शिओक म्हणजे इथल्या बोलीत झकास.

बाबांनी आधी कव्हरवरचा फोटो पाहिला. धक्का, त्यावर एक क्रेन. “ही क्रेन मी पाहिलीय,” ते म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर आणायला उठले.

त्यांनी सगळा अल्बम ऐकला. एका गाण्यावर चक्क बोटांनी ताल धरला. शेवटच्या गाण्यात वाजवणं थांबतं आणि तांबाकोलो साध्या आवाजात नावं वाचतो. त्र्याऐंशीच्या गोदीच्या संपात पोर्ट पोलिसांनी धरलेले आणि घरी परत न आलेले लोक. नाव, वय, धरल्याची तारीख. मागे ट्रंपेटचा एकच सूर.

बाबांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग मला हाक मारली. “चैताली, मला नावं नीट लागत नाहीत. तू ऐक. सॅम्युएल बोटे आहे का, एवढंच सांग.”

“कोण हा?”

“लोणचंवाला. ताब्यात देताना कागदावर मीच नाव लिहिलं होतं.”

मी हेडफोन लावला. बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. एकेचाळीस नावं आहेत. एकोणतिसावं त्याचं होतं. नाही म्हणून टाकावं असं मनात आलं, पण ते इतके निरखून बघत होते की मला खोटं जमलं नसतं.

“आहे,” मी म्हटलं. “तेवीस वर्षं. एकोणीस मार्च.”

“त्याच दिवशी सुटलो आम्ही.” त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसून डब्यात ठेवला. मग म्हणाले, “बोगद्यात मी टॉर्च मारला तेव्हा त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं. मी एकटाच होतो. बोललो नसतो तर कोणाला कळलं नसतं.”

“नियमच होता ना बाबा. तुम्ही तरी काय करणार?”

“हो,” ते म्हणाले. “चहा टाकतेस?”

मी चहा टाकला. रडू येईल असं वाटलं होतं, पण मला काहीच होत नव्हतं. आलं किसताना मी दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगचा विचार करत होते. त्याची लाज मात्र वाटली. बाबाही चहा पिऊन नेहमीसारखे खाली फेरी मारायला गेले. नंतर अडीच महिने आम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

गणपतीत आम्ही बुकित तिमाहला माझ्या मैत्रिणीच्या, संजीवनीच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर जमलो. आरती झाली, जेवणं झाली आणि ती म्हणाली, “काका, लोणच्याची गोष्ट.”

मी म्हटलं, “आज नको गं, दमलेत ते.”

पण बाबा खुर्चीत सरसावून बसले. सगळी गोष्ट सांगितली, बोगदा, भात, बरणी. चेहराही केला. हॉल हसून हसून दमला. “आणि पोर्ट पोलीस आले,” म्हणून ते थांबले. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून एकेकाकडे बघत राहिले.

हे लोकांना नवीन होतं. ते आणखी जोरात हसले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. बाबांचं बोट ओठांवरच होतं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मीही हसत होते.