ब्लेरिओची परवानगी

श्री. श्यामकांत विष्णू गुप्ते, केंद्र सरकारी अधिकारी, राहणार लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. वर्तणूक समाधानकारक. एका हवाई वाहनाचे मालक. सदर वाहन एकइंजिनी व एकआसनी असून आसन रिक्त आहे.

इंजिन म्हणजे पिळलेलं रबर. वाहन म्हणजे १९०९ सालच्या ब्लेरिओ विमानाची बाल्सा लाकडाची प्रतिकृती. भाच्यानं परदेशातून आणलेल्या खोक्यात नुसत्या फळ्या, काड्या आणि तलम कागद होता. श्यामकांतरावांनी ब्लेडनं पंखांच्या बरगड्या कापल्या, वर कागद ताणला, त्याला लॅकर फासलं. "घरभर नेलपॉलिशचा वास," पत्नी हेमलताबाई म्हणाल्या, "आणि माझी नखं बघा!"

हे सगळं थोरल्या भावासाठी, भाऊसाहेबांसाठी. त्यांना काचबिंदू होता, नजर कडेकडेनं मिटत चालली होती. लहानपणी दोघांनी कामट्यांची विमानं केली होती. एकही उडालं नव्हतं. "श्याम, दिसतंय तोवर एक उडवून दाखव यार," भाऊसाहेब म्हणाले.

विमान तयार झालं आणि पेपरात आलं: सव्वीस जानेवारीपर्यंत राजधानीत उडत्या वस्तूंना मनाई. श्यामकांतरावांनी सरकारकडे रीतसर अर्ज करून विचारलं, रबरावरचं विमान यात येतं का?

"अहो, कॉलनीतली पोरं पतंग उडवतात, ती विचारतात का?"

"पतंगाला दोरी असते."

सव्वीस जानेवारी गेली, मनाई उठली. पण आता प्रश्न विचाराधीन होता, आणि विचाराधीन वस्तू उडवणं श्यामकांतरावांच्या रक्तात नव्हतं.

"चोरून उडव," भाऊसाहेब म्हणाले.

"चोरून कसं, भाऊ? अर्जावर माझी सही आहे."

उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या हवेनं पंख पिळवटला. श्यामकांतरावांनी तो किटलीच्या वाफेवर धरून सरळ केला. तो पुन्हा पिळवटला. भाऊसाहेब आता पंख बोटांनीच बघत. "उजवा वाकलाय रे," म्हणत.

त्याच सुमारास अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर करत खुद्द श्यामकांतरावांच्या टेबलावर आला. एक ओळ लिहिली की काम झालं असतं. त्यांनी लिहिली: 'अर्जदार मीच असल्याने निर्णयासाठी वर सादर.' घरी सांगितलं, तर हेमलताबाईंनी पोळी ताटात ठेवली नाही, टाकली.

दिवाळीच्या तोंडावर उत्तर आलं. सदर वस्तूस परवानगीची आवश्यकता नव्हती व नाही.

रविवारी सकाळी भावाचा हात धरून श्यामकांतराव कॉलनीच्या मैदानात गेले. त्यांना बाकावर बसवलं, विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवून रबर पिळलं आणि विमान सोडलं. ब्लेरिओ चढलं, कडुनिंबावरून वळलं, एक सुरेख फेरी मारून हलकेच गवतावर उतरलं.

भाऊसाहेब मान वर करून भलतीकडेच बघत होते.

"श्याम, सोडलंस का?"

"सोडलं, भाऊ. उडालं. उतरलंसुद्धा."

"मग मला ऐकू कसं नाही आलं?"

रबरावरच्या विमानाला आवाज नसतो.