राजाला काय कळवायचं

आमच्या घराण्याची एक गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की ती सुरू झाली की माझी बायको उठून भजी तळायला जाते. आमचा एक पूर्वज साताऱ्याच्या राजाच्या दरबारी होता, राजाच्या अगदी कानाशी. इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या कुठल्याही पॉटलकला, म्हणजे जो तो आपला एकेक पदार्थ घेऊन येतो त्या जेवणाला, एखादं नवं कुटुंब हाती लागलं, की मी हा पूर्वज बाहेर काढायचो. दर वर्षी त्याला बढती मिळायची. आधी तो कारकून होता, मग चिटणीस झाला, आणि गेल्या दोन-तीन गणपतींत तर तो राजाला सल्ला देत होता.

त्याची ही घोडदौड काकांनी थांबवली. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं, रिटायर झाले आणि मोडी शिकले. नागपूरच्या आत्यानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, घरच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या. त्यांच्यावर भिंग धरून वर्षभर बसले आणि एका रविवारी भरल्या घरात म्हणाले, "अरे, तुझा तो मुत्सद्दी हुजऱ्या होता. राजाचे जोडे सांभाळायचा आणि दारात कोण आलंय ते आत जाऊन सांगायचा."

"पण कानाशी होता ना?" मी चिकाटी सोडली नाही.

"पायाशी रे, पायाशी."

सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त.

काकू गेल्यावर काका त्या मोठ्या घरात एकटेच राहिले. त्यांची मुलगी, आमची ताई, टेक्सासात प्लेनोला असते. मी दहा मिनिटांवर. त्यामुळे काकांची औषधं, अपॉइंटमेंट्स आणि फोन हळूहळू माझ्याकडे आले. फोनचं तर मीच करून घेतलं. 'तुमची कार वॉरंटी संपली' असं सांगणारे त्यांना दिवसातून सहा वेळा उठवायचे, म्हणून मी त्यांचे सगळे कॉल आणि मेसेज माझ्याकडे वळवले. कोण महत्त्वाचं ते बघायचं आणि मग जोडून द्यायचं. काकांना बरंच वाटलं. मला तर फारच बरं वाटलं. माणसाला आयुष्यात कुठे ना कुठे मॅनेजर व्हायचं असतं, आणि ऑफिसात ते जमायची चिन्हं नव्हती.

मंगळवारी मी घरून काम करायचो, म्हणजे काकांच्या घरी बसून काकांचं काम करायचो. ते सांगायचे, मी लॅपटॉपवर टाइप करायचो. घरच्यांसाठी पुस्तक लिहायचं होतं त्यांना, आणि त्यात हुजऱ्यापेक्षा राजाच जास्त होता. लहानपण मोगलांच्या छावणीत कैदेत गेलेला, सुटून आलेला, शिकारीचा आणि कुत्र्यांचा शौकीन राजा. त्याच्या हयातीत राज्य वाढत वाढत पार उत्तरेत गेलं, आणि राज्याचा कारभार मात्र साताऱ्याहून उठून पुण्याला गेला.

"म्हणजे पेशव्यांनी बळकावला," मी म्हटलं.

"शाळेतलं बोलू नकोस. मुजरा शेवटपर्यंत राजालाच होत होता. हुकूम त्याच्याच नावानं निघत होते, शिक्का त्याचाच. बदललं काय, तर सकाळी त्याच्यापर्यंत कुठली बातमी जायची आणि कुठली नाही, ते."

राजाला मूल नव्हतं. शेवटच्या दुखण्यात त्याच्या बिछान्याभोवती राणी, कारभारी, मानकरी असे सगळे आपापली ओढाताण घेऊन बसलेले. मग राजा गेला आणि त्याच्या हातच्या म्हणून दोन याद्या, म्हणजे चिठ्ठ्या, पुढे आल्या: राज्य प्रधानानं चालवावं. काकांना त्या याद्यांनी झपाटलं होतं.

"अक्षर राजाचं की दुसऱ्याचं, यावर लोक भांडतात. मी म्हणतो, असेल राजाचंच. मी हजारो लोकांच्या संमतीच्या सह्या बघितल्यात. सही खरीच असते. त्या माणसाला सकाळपासून काय सांगितलं होतं, ते विचारा."

हे मी टाइप केलं. मधे एक स्पेलिंग चुकलं तेही दुरुस्त केलं.

काकांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. मांडीतून तार घालून ती बदलता येते, असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. काका नाही म्हणत होते. "वयाच्या या टप्प्यावर मेंदूत गुठळी गेली तर? मी बोलतो, वाचतो, तेवढं मला पुरे आहे." ताई फोनवर रडायची, चिडायची. ते ऐकून घ्यायचे आणि तिला मोडीतलं एखादं अक्षर समजावायला लागायचे.

अशातच नागपूरहून आतेबहिणीचा फोन आला. आत्या गेली होती. सकाळी देवाजवळ फुलं ठेवताना खाली बसली ती उठलीच नाही. फोन काकांचा होता, पण अर्थात आला माझ्याकडे.

काका आणि आत्या दर रविवारी सकाळी साडेआठला बोलायचे. सत्तर वर्षांची भांडणं होती, ती थोडी थोडी पुरवून वापरायचे. हे काकांना कसं सांगायचं, म्हणून मी ताईला फोन केला.

"सांगू नकोस," ताई म्हणाली. "त्यांचं हार्ट बघ ना. थोडं थांबू या."

"किती थांबायचं?"

"आय डोन्ट नो. थोडं स्टेबल होऊ देत."

आपल्याकडे हे सगळेच करतात. आजारी माणसाला मरणाची बातमी द्यायची नाही. माझ्या आजीला तिचा भाऊ गेल्याचं आम्ही चार महिने सांगितलं नव्हतं, आणि त्या चार महिन्यांत तो कोकणात हवापालटाला होता. त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. रविवारी मी सांगितलं, आत्याचा आवाज बसलाय, घशाला सूज आहे, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय.

"मग मेसेज करू दे."

म्हणून मी आत्याचे मेसेज लिहायला लागलो. लिहिणं मला जमतंच, उगाच का पूर्वजाला चिटणीस केला होता? पहिला मेसेज मोठ्या थाटात वाचून दाखवला, "दादा, लोणचं खाणं बंद करा."

काका थांबले. "ती मला दादा कधीपासून म्हणायला लागली? भाऊ म्हणते."

"नातीनं टाइप केलं असेल," मी म्हटलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, इतकं चटकन सुचलं.

"म्हणजे आता नात तिचं राज्य चालवते तर," असं म्हणून ते हसले. पुढच्या मेसेजपासून मी 'भाऊ' लिहिलं.

तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "आवाज इतके दिवस बसत नाही. काहीतरी गंभीर आहे आणि ती लपवतेय. मीच जातो नागपूरला."

"काका, अहो, विमानात सोळा तास—"

"या झडपेनं नाही जमणार, कळतं मला. बदलून घेतो. फोन लाव त्या डॉक्टरला."

मी ताईला कळवलं. ती किंचाळली, आनंदानं. दोन वर्षांत जे तिला जमलं नव्हतं ते आपोआप झालं होतं.

"ताई, पण ते आत्याला भेटायला म्हणून करून घेतायत."

"मग? व्हॉल्व तर बदलेल ना? नंतर सांगू यार, नीट बसून. मी येते तेव्हा."

"आणि त्यांना आत्ताच कळलं तर?"

"तर ते नाही म्हणतील," ती म्हणाली. "तुला हवंय का ते?"

मला नको होतं. हे मला सरळ लिहिलं पाहिजे, कारण नंतर मी सगळं ताईवर ढकलून बघितलं आणि ते जमलं नाही. काका अजून दहा वर्षं असावेत, मंगळवारी आपण त्यांच्याकडे जावं, त्यांनी आपल्याला टायपिस्ट म्हणावं, हे मला हवं होतं.

सहीच्या दिवशी मीच गाडी चालवली. डॉक्टरीणबाई तरुण होती, चांगली होती. धोके तिनं एकेक करून सांगितले. काकांनी दोन ठिकाणी तिची आकडेवारी दुरुस्त केली. मग तिनं पेन बाजूला ठेवून विचारलं, यातून तुम्हाला काय मिळायला हवं?

"आय वॉन्ट टू सी माय सिस्टर," काका म्हणाले.

ती हसली, ते लिहून घेतलं, आणि माझ्याकडे वळली. घरच्यांना काही सांगायचंय?

खोलीत हृदयाचं एक प्लास्टिकचं मॉडेल होतं. त्याची झाकणं उघडता येत होती. मी ते बघत राहिलो आणि म्हणालो, "नो, वी आर गुड."

काकांनी सही केली. त्यांचं अक्षर शेवटपर्यंत सुंदर होतं.

झडप उत्तम बसली. गुठळी मेंदूत गेली. ज्या दोन शब्दांसाठी ते दोन वर्षं नाही म्हणत होते, बोलतो आणि वाचतो, ते दोन्ही गेले. उजवा हात गेला, चेहऱ्याची उजवी बाजू उतरली. त्यांना ऐकू येतंय, बरंचसं समजतंय, असं सगळे म्हणाले. ताई आली, आठवडाभर त्यांचा हात धरून बसली आणि नोकरीसाठी परत गेली. 'नंतर' म्हणजे जे ठरलं होतं, त्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

नवव्या दिवशी सकाळी, रविवारी, मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती. साडेआठला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी डाव्या हातानं माझ्या खिशातल्या फोनकडे खूण केली. मग पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि सांगितलं. आत्या कधी गेली, कशी गेली. मेसेज कुणी लिहिले. सहीच्या दिवशी मला माहीत होतं, हेही सांगितलं. इतकी वर्षं मी गोष्टी सांगतोय, पण एवढ्या कमी वाक्यांत संपलेली ही पहिलीच.

काकांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं, नखं रुतली. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो शब्द होता की नव्हता, ते मी सांगू शकत नाही. आत्याचं नाव असेल, मला शिवी असेल. पुन्हा तोच आवाज. डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

आवाज ऐकून नर्स धावत आली. मॉनिटर बघितला, उशी सारखी केली. त्यांना दुखतंय का, तिनं मला विचारलं. ते काय म्हणतायत?

मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"नथिंग," मी म्हटलं. "ही इज कम्फर्टेबल."

तिनं मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर तशी नोंद केली.