मी गाडी का चालवत नाही

आमच्या गावात मिसरूड फुटायच्या आत पोरं मोटारसायकल शिकतात. मीही शिकलो होतो. पारनेरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो, तेव्हा रोज गाडीवरच जायचो. मग एकदा शेतातल्या कांदाचाळीत कांदा भरताना मला फीट आली. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं आणि भाऊ माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसला होता. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, "गाडी चालवायची नाही, विहिरीत पोहायचं नाही. बाकी सगळं करा."

बाकी सगळं करायला आधी घरातून निघावं लागतं.

"कुनाला सांगू नको," आई म्हणाली. "मनका सरकलाय म्हन. लग्न व्हायचंय तुझं."

तसंच सांगत राहिलो. गाडी भावाला दिली. तो सुप्याच्या कारखान्यात पाळीला जायचा, त्याची आणि माझी वेळ जमत नसे. मी सकाळच्या एसटीनं जाऊ आणि संध्याकाळच्या एसटीनं येऊ लागलो. गाडीत शाळेच्या मुली, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि मी. धडधाकट पुरुष माझ्याशिवाय क्वचितच असायचा.

दोनेक वर्षांनी त्या दोन्ही गाड्या बंद झाल्या. प्रवासी मिळत नाहीत, असं कारण आलं. मग मी फाट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करू लागलो. लोक चांगले होते, थांबायचे. पण मागं बसलं की पुढच्याच्या सगळ्या मतांना हो म्हणावं लागायचं. तो वाटेत खताच्या दुकानात शिरला, तर बाहेर उभं राहायचं. शाळेत उशीर झाला की मुख्याध्यापक नुसते घड्याळाकडे बघत. एसटीतल्या मुलींपैकी दोघींचं शिक्षण त्या वर्षात सुटलं.

पुढच्या ग्रामसभेत एका म्हातारीनं एसटीचा विषय काढला. सरपंच समजुतीनं बोलले, "मावशे, आता घरटी गाडी हाय. एसटीला बसतंय कोन?"

लोक हसले. मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. उठायचं काही ठरवलं नव्हतं, पण उठलो.

"मी बसतो," मी म्हणालो. "गाडी घरात आहे, पण मला ती चालवता येत नाही. मला फीट येते. मणक्याचं मी खोटं सांगत होतो. या मावशींना डोळ्यांनी दिसत नाही, शाळेच्या पोरी लहान आहेत. घरात गाडी असली म्हणजे ती प्रत्येकाची असते असं नाही."

सरपंच ग्रामसेवकांकडे वळून म्हणाले, "एसटीचा ठराव घ्या."

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आई चुलीपुढं बसली होती, माझ्याकडे बघेना. "आता तुला पोरगी कोन दील?" एवढंच म्हणाली. मी तिच्याजवळ बसून राहिलो. भाकरी मात्र तिनं रोजच्यासारखी गरम वाढली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एक शेतकरी थांबला. यानं मला पुष्कळदा मागं बसवून नेलं होतं. या वेळी त्यानं गाडी बंद केली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"सर, आमच्या घरातबी तसंच हाय," तो म्हणाला. "मंडळीला. गाडीवर मागं बसायचं तिला भ्या वाटतं, एकदा पडली हुती. पाच-सहा वर्सं झाली, माहेराला गेली न्हाई. कोनते डॉक्टर तुमचे?"

मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारून नाव पाठ केलं.

ठराव आगारात गेला. सरपंचांनी तीन-चार खेपा मारल्या, एकदा मलाही नेलं. पावसाळा संपता संपता सकाळची गाडी सुरू झाली. संध्याकाळची अजून नाही. येताना हात करावाच लागतो. काही जण आता थांबत नाहीत. मागं बसल्या बसल्या मला काही झालं तर, अशी त्यांना भीती वाटते. ती मी समजू शकतो, पण ओळखीची गाडी न थांबता पुढं गेली की वाईट वाटतंच. लग्नाचं अजून जमलेलं नाही. आई आता त्यावर बोलत नाही, पण कुणी विचारलं तर खरं ते सांगते.

दिवाळीनंतर त्या शेतकऱ्याची बायको सकाळच्या गाडीत चढली. तो खाली खिडकीशी उभा होता. ती माझ्या पलीकडच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी हलल्यावर म्हणाली, "सर, मला काय झालं तर घाबरू नका. कुशीवर वळवा, आन् ह्यांना फोन लावा."

"आणि मला झालं तर?" मी विचारलं.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमाला मी वळवीन की," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.