बोटभर तोकडा शाफ्ट

शाफ्ट मी कापला. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे हे सांगायची वेळ आली तेव्हा मी हातातल्या पान्ह्याकडे बघत बसलो.

माझे काका पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. तिथे त्यांना 'सूतभर' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. कुणाचंही काम हातात घ्यायचं, डोळा बारीक करायचा आणि "सूतभर इकडे आहे" म्हणून परत करायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर ते सूतभरही स्वस्थ बसले नाहीत. घरातली सगळी दारं तासून झाली, सगळे नळ उघडून झाले. शेवटी काकू म्हणाली, "अहो, जरा घराबाहेर काहीतरी बिघडवा."

काकांनी ते मनावर घेतलं आणि एक जुनी चौकोनी गाडी आणली. लहान मुलाने पाटीवर काढावी तशी: खोक्यावर खोकं, खाली चाकं. तिचं इंजिन कामातून गेलेलं. तिच्यात मोडीत काढलेल्या व्हॅनचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा, असा बेत. मदतीला मी, कारण माझ्याकडे मोटार मेकॅनिकच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि नोकरी नव्हती.

आठ महिने एका भाड्याच्या शेडमध्ये हे चाललं. मग शेडच्या मालकाने सांगितलं, शनिवारी जागा मोकळी पाहिजे. काकूने अट घातली, "स्वतःच्या पायांनी आली तर दारात राहील. ओढून आणलीत तर तशीच पुढे भंगारात." काकू एकदा बोलली की विषय संपतो.

व्हॅनचा गिअरबॉक्स लांब होता. त्यामुळे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी लोखंडी नळी, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, कापून आखूड करायची होती. बुधवारी काका बोल्ट आणायला गेले आणि मला हुशारी सुचली. ते यायच्या आत मी माप घेतलं, शाफ्ट कापला, वेल्डही करून आणला. गाडी तेव्हा घोडीवर होती, मागची चाकं हवेत लोंबत होती. खाली उतरवल्यावर वजन आलं, स्प्रिंगचे पाटे सपाट झाले, चाकं मागे सरकली आणि शाफ्ट बोटभर तोकडा पडला. माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं, हे कोर्सच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकवतात.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गाडीभोवती फिरत राहिले. बसले की उठायचे, उठले की बॉनेट उघडायचे, काहीही न करता बंद करायचे.

"काका, चहा घेता?"

"शनिवारला किती दिवस राहिले?"

"मध्ये दोन."

"मग चहा कसला विचारतोस!"

दोन दिवसांत नवी नळी बसवून ती लेथवर सरळ करून देणारा गावात एकच माणूस होता: टर्नर. आणि नेमकं त्याच्याशीच काकांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारखान्यात असताना त्याचं एक काम काकांनी सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. नंतर कळलं, काम बरोबर होतं, काकांचं मापायचं गेज चुकीचं होतं. हे काकांना ठाऊक, टर्नरला ठाऊक, कारखान्याच्या वॉचमनलाही ठाऊक. म्हणालं मात्र कुणी नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. काका चपलेच्या अंगठ्यातून बोट काढत होते, घालत होते.

शाफ्ट कुठवर पोचतो, ते काकांनी सांगितलं. टर्नरने तो उचलून पाहिला. "सूतभर," तो तोंडावर म्हणाला, "हा तर बोटभर आहे. माप कुणाचं?"

मी तोंड उघडलं. मग हातातला पान्हा पाहिला.

"माझं," काका म्हणाले. "माझं माप चुकलं."

लेथ चालू होतं, ते टर्नरने बंद केलं. "परत म्हण."

"माझं माप चुकलं. बहिरा झालास का रे?"

"नाही, नाही. नीट ऐकलं." त्याने शाफ्ट टेबलावर ठेवला. "तीन वर्षं लावलीस, पण म्हणालास. उद्या संध्याकाळी ने. पैशाचं नाव काढू नकोस."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, मी सांगतो त्यांना."

"आत्ता? शाफ्ट तरी होऊ दे, गाढवा."

शनिवारी गाडी शेडमधून स्वतः निघाली. तिसऱ्या गिअरला रडायची, पण चालायची. दारात काकूने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिला अंगणात तिरकी का लावलीत?" काका लगेच टेप आणायला आत पळाले.

टर्नरच्या दुकानावरून मी रोज जातो. तो हात करतो. "काय रे, काका बरे आहेत ना? मोठ्या मनाचा माणूस!" मी मान हलवतो आणि सायकल दामटतो. खरं सांगायचं राहिलंय. पण सांगितलं, की काकांची ती माफी परत थकीत होणार. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत दोन महिने झाले.